अस्तित्व आणि तादात्म्य या तर्कशास्त्राच्या कल्पना आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी वस्तू आहे की नाही, आणि ही वस्तू म्हणजे तीच की दुसरी, या दोन प्रश्नांपाशी सत्तामीमांसेतले, म्हणजे ‘काय काय आहे’ याच्या तत्त्वज्ञानातले, बहुतेक वाद येऊन पोचतात. आत्मा आहे का? संख्या आहेत का? दहा वर्षांपूर्वीचा मी आणि आजचा मी एकच का? याच दोन कल्पना आधुनिक तर्कशास्त्राच्या मुळाक्षरांतही बसलेल्या आहेत: एक अस्तित्ववाची संख्यापकाच्या (‘असं काहीतरी आहे’ सांगणाऱ्या चिन्हाच्या) रूपात, दुसरी ‘=’ या चिन्हाच्या रूपात. मग त्यांच्यावर हक्क कुणाचा, तर्कशास्त्राचा की सत्तामीमांसेचा? माझी बाजू आधीच सांगून टाकतो. दोन्ही कल्पना तार्किक आहेत असं मला वाटतं. मात्र अस्तित्वाच्या बाबतीत त्याला एक अट आहे, आणि ती अट मान्य करायची की नाही यावरच खरा वाद पेटतो.

‘तार्किक कल्पना’ म्हणजे नेमकं काय?

जिला कुठल्याच विषयाची बांधिलकी नाही अशी कल्पना. ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, ‘सर्व’, ‘काही’ हे शब्द रसायनशास्त्रात जे काम करतात तेच जमिनीच्या खरेदीखतातही करतात. ‘आम्ल’ आणि ‘सातबारा’ यांचं तसं नाही. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना हे सरावाने माहीत असतं: ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ या वाक्यात माणसांच्या जागी मासे आणि मर्त्यच्या जागी चमकदार घातलं तरी अनुमानाचा सांगाडा शाबूत राहतो. ‘सर्व’ मात्र बदलता येत नाही. तो बदलला की अनुमानच बदललं.

पण कुठला शब्द तार्किक आणि कुठला नाही, हे ठरवायचं कशावरून?

सगळ्यात जास्त चर्चा झालेली कसोटी तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्कीची. १९६६ मध्ये लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात त्याने यावर व्याख्यान दिलं. ते छापून आलं १९८६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

मूळ प्रेरणा भूमितीची. फेलिक्स क्लाइनने १८७२ मध्ये सुचवलं होतं की कुठली रूपांतरं चालतात यावरून भूमिती ओळखावी. रूपांतर करूनही जे गुण टिकतात ते त्या भूमितीचे विषय. आकृती नुसती सरकवायची-फिरवायची मुभा असेल तर लांबी टिकते. लहानमोठी करायचीही मुभा दिली तर लांबी जाते, कोन राहतात. हवी तशी ताणायची मुभा दिली की कोनही जातात. टार्स्कीने ही मुभा शेवटच्या टोकापर्यंत नेली. चर्चाविश्वातल्या, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्या सगळ्या वस्तूंमधल्या, कुठल्याही वस्तूच्या जागी दुसरी कुठलीही वस्तू ठेवा. फक्त दोघांना एका जागी बसवू नका आणि कुणाला वगळू नका. अशा प्रत्येक अदलाबदलीनंतरही जी कल्पना जशीच्या तशी राहते ती तार्किक.

हे तीन वस्तूंवर करून पाहण्यासारखं आहे. क, ख आणि ग एवढ्याच वस्तू आहेत असं समजा. त्यांचे संच होतात ८: एक रिकामा, तीन एकेका वस्तूचे, तीन दोन-दोन वस्तूंचे आणि एक सगळ्यांचा. क आणि ख यांची अदलाबदल केली की क-ग या संचाचा ख-ग होतो, म्हणजे तो टिकला नाही. शक्य असलेल्या सहाही अदलाबदली करून पाहिल्या तर टिकणारे संच दोनच निघतात, रिकामा आणि पूर्ण. याचा अर्थ असा की एकेका वस्तूला लावायची तार्किक विधेयं (‘लाल आहे’सारखी, वस्तूबद्दल काही सांगणारी पदं) दोनच असू शकतात: एक सगळ्यांना लागू होणारं, दुसरं कुणालाच लागू न होणारं. हा निष्कर्ष जपून ठेवा. अस्तित्वाचा निकाल याच्यावरच लागणार आहे.

तादात्म्य या कसोटीला उतरतं का?

उतरतं, आणि अगदी स्वच्छ उतरतं. त्याच तीन वस्तूंमधले संबंध घ्या. क्रम धरून जोड्या होतात ९, त्यामुळे दोन वस्तूंमध्ये शक्य असलेले संबंध होतात ५१२. नऊपैकी तीन जोड्या स्वतःच्या स्वतःशी आहेत (क-क, ख-ख, ग-ग) आणि सहा वेगवेगळ्या वस्तूंच्या. अदलाबदल कशीही करा, पहिल्या गटातली जोडी पहिल्याच गटात पडते आणि दुसऱ्यातली दुसऱ्यात. शिवाय गटातल्या कुठल्याही जोडीला त्याच गटातल्या कुठल्याही जोडीच्या जागी पाठवता येतं. म्हणून प्रत्येक गट एक तर अख्खा घ्यायचा, नाहीतर अख्खा सोडायचा. ५१२ पैकी उरतात फक्त ४ संबंध: सगळ्यांचा सगळ्यांशी असलेला, कुणाचा कुणाशीच नसलेला, तादात्म्य आणि भेद. वस्तू तीनच्या जागी तीन कोटी घेतल्या तरी उत्तर चारच.

‘कारण असणं’, ‘आधी असणं’, ‘भाग असणं’ हे सत्तामीमांसेचे लाडके संबंध इथे गळतात, कारण कोण कुठे आहे याकडे ते बघतात. तादात्म्य तसं बघतच नाही. प्रत्येक वस्तू स्वतःशी अभिन्न आणि इतरांपासून भिन्न, मग ती वस्तू दगड असो, संख्या असो की देवदूत.

आणि अस्तित्व?

इथे आधी दोन प्रकारची वाक्यं वेगळी केली पाहिजेत. ‘काळे हंस आहेत’ हे एका वर्णनाबद्दल बोलतं: त्या वर्णनात बसणारं काहीतरी आहे. गोटलोब फ्रेगेने १८८४ मध्ये याचं नेमकं विश्लेषण केलं. अस्तित्व सांगणं म्हणजे संख्या शून्य असल्याचं नाकारणं. हे ‘काही’ आपल्या कसोटीला सहज उतरतं, कारण संचात किती वस्तू आहेत एवढंच ते पाहतं, कुठल्या आहेत ते पाहत नाही. अदलाबदलीने मोजदाद बदलत नाही.

दुसऱ्या प्रकारचं वाक्य एकेका वस्तूबद्दल असतं: ‘चंद्र अस्तित्वात आहे’. आता मघाचा निष्कर्ष आठवा. एकेका वस्तूला लागणारं विधेय तार्किक असेल तर ते सगळ्यांना लागू हवं किंवा कुणालाच नको. अस्तित्व कुणालाच लागू नाही असं तर म्हणता येत नाही. म्हणजे ते तार्किक असेल तर चर्चाविश्वातल्या यच्चयावत वस्तूंना लागू असलं पाहिजे. अस्तित्व नसलेली एकही वस्तू नाही, ही ती अट.

उलट ज्याला वाटतं की काही वस्तूंना अस्तित्व असतं आणि काहींना नसतं, त्याच्या दृष्टीने अस्तित्व वस्तूंची दोन गटांत वाटणी करतं, ‘लाल’ किंवा ‘सजीव’ करतं तशी. असं विधेय अदलाबदलीत टिकत नाही आणि तार्किकही राहत नाही. म्हणून एकेका वस्तूपुरतं बोलायचं तर ‘अस्तित्व ही तार्किक कल्पना आहे का?’ आणि ‘अस्तित्व नसलेल्या वस्तू आहेत का?’ हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं दिलं गेलं. या विषयात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण तर्कशास्त्राच्या हद्दीबद्दलचा कोरडा वाटणारा प्रश्न आणि सत्तामीमांसेतला जुना झगडा इथे एकमेकांत अडकलेले दिसतात.

कांटने ‘अस्तित्व हे विधेय नाही’ असं सांगितलं, तिथेच विषय संपत नाही का?

कांटचं म्हणणं जरा वेगळं आहे. १७८१ मध्ये त्याने लिहिलं ते असं की अस्तित्व हे ‘वास्तव’ विधेय नाही, म्हणजे वस्तूच्या कल्पनेत ते भर घालत नाही. शंभर खरे थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) आणि मनातले शंभर थालर यांच्या वर्णनात एका नाण्याचाही फरक नसतो. फरक पडतो तो माणसाच्या सांपत्तिक स्थितीत. निशाणा होता देवाच्या अस्तित्वाच्या एका युक्तिवादावर. ११व्या शतकात ॲन्सेल्मने मांडलेल्या आणि पुढे देकार्तने नव्याने उभ्या केलेल्या त्या युक्तिवादात पूर्णत्वाच्या कल्पनेतूनच अस्तित्व बाहेर काढलं जातं.

पण यातून अस्तित्व विधेय होऊच शकत नाही असं निघत नाही. तर्कशास्त्रात त्याची व्याख्या एका ओळीत होते: ‘क अस्तित्वात आहे’ म्हणजे ‘क शी अभिन्न असं काहीतरी आहे’. व्याख्येतले दोन्ही घटक, ‘काही’ आणि ‘अभिन्न’, तार्किक आहेत, म्हणून हे विधेयही तार्किक. ते वर्णनात भर का घालत नाही हेही इथेच कळतं. जे सगळ्यांना लागू आहे ते कुणालाही कुणापासून वेगळं काढू शकत नाही. फ्रेगे आणि रसेल यांनी आणखी एक पायरी चढून एकेका वस्तूबद्दल अस्तित्व बोलणंच निरर्थक ठरवलं. ती पायरी मला अनावश्यक वाटते.

‘पेगासस अस्तित्वात नाही’ हे तर खरं आहे. मग जे नाही त्याच्याबद्दलच आपण बोलतो ना?

ही अट पाळणाऱ्यांची खरी परीक्षा इथे होते. ग्रीक पुराणातला पंखवाला घोडा नाही, हे सांगताना आपण कुणाबद्दल तरी बोलतोय असं वाटतं. ग्रात्सच्या अलेक्सियस माइनाँगने १९०४ मध्ये हे सरळ मान्य केलं: ज्यांना अस्तित्व नाही अशाही वस्तू आहेत, आणि सोन्याचा डोंगर नसला तरी तो सोन्याचा आहे हे खरं आहे. ही वाट धरली की अस्तित्व तार्किक उरत नाही, हे वर आलंच.

बर्ट्रंड रसेलने १९०५ मध्ये दुसरी वाट दाखवली. ‘फ्रान्सचा आजचा राजा टकला आहे’ या वाक्यात राजाचं नाव घेतलेलं दिसतं, पण आत दडलेलं विधान असं आहे: फ्रान्सवर आज राज्य करणारा एक आणि एकच माणूस आहे, आणि तो टकला आहे. हे विधान खोटं आहे, आणि ते खोटं ठरायला कुठलाही नसलेला राजा लागत नाही. लक्ष द्या, ‘एक आणि एकच’ हे सांगायला रसेललाही तादात्म्य लागलं. विलर्ड क्वाइनने १९४८ मध्ये हीच युक्ती विशेषनामांना लावली. ‘पेगासस’ हे नाव काढून तिथे ‘पेगासस असण्याचा गुण’ घालायचा आणि तो गुण कुणातच नाही असं म्हणायचं.

ही युक्ती चालते, पण विशेषनामं म्हणजे लपवलेली वर्णनं हे गृहीतक १९७०च्या सुमारास सॉल क्रिपकीने जबरदस्त हादरवलं. म्हणून मला तिसरी वाट जास्त सरळ वाटते. नाव रिकामं असू शकतं एवढंच मान्य करायचं. ‘पेगासस अस्तित्वात नाही’ हे खरं आहे, कारण त्या नावाने दाखवलं जाणारं काहीच नाही. त्या नावामागे अस्तित्वाला मुकलेली एखादी वस्तू उभी आहे असं मानायची गरज पडत नाही. चर्चाविश्वात आहेत त्या सगळ्या वस्तूंना अस्तित्व आहेच, त्यामुळे अटही पाळली जाते.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा विचार झाला आहे का?

टार्स्कीचा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही, आणि तो त्यांच्या तोंडी घालू नये. पण सामग्री थक्क करणारी आहे. वैशेषिक परंपरेत प्रशस्तपाद म्हणतो की द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या सहाही पदार्थांना अस्तित्व, ज्ञेयत्व आणि अभिधेयत्व आहे. ‘सत्ता’ नावाची जाती, म्हणजे अनेकांत समान असणारा धर्म, मात्र पहिल्या तिघांतच राहते. म्हणजे दोन कल्पना वेगळ्या काढल्या गेल्या: एक सगळ्यांना लागू होणारी, दुसरी पदार्थांची वाटणी करणारी. आपल्या कसोटीवर ठेवलं तर अस्तित्व टिकतं आणि सत्ता गळते. कांटच्या वादात ज्या दोन गोष्टी एकमेकांत मिसळतात त्या इथे शेकडो वर्षं आधीच वेगवेगळ्या नावांनी उभ्या आहेत.

सशाच्या शिंगाचंही तसंच. १४व्या शतकातला न्यायदर्शनाचा पंडित गंगेश म्हणतो की ‘शशशृंग नाही’ याचा अर्थ सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. ससा खरा, शिंग खरं (गाईच्या डोक्यावर), नाकारलं जातं ते फक्त सशाशी त्याचं जोडलं जाणं. शिंग नसलेल्या वस्तूंच्या मुलखातून शोधून आणावं लागत नाही. रसेलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

तादात्म्याला तर न्यायदर्शनात रीतसर संबंधाचं स्थान आहे. ‘घट म्हणजे पट नव्हे’ या भेदाला अन्योन्याभाव म्हणतात, आणि त्याची व्याख्याच तादात्म्य-संबंधाच्या आधारे केली जाते. ‘तर्कसंग्रह’ हे न्यायाचं प्राथमिक पुस्तक शिकलेल्या विद्यार्थ्याला हे पाठ असतं.

‘काहीतरी आहे’ हे निव्वळ तर्काने सिद्ध होतं का?

रूढ तर्कशास्त्रात होतं, आणि ते खटकायलाच हवं. तिथे चर्चाविश्व रिकामं नसतं असं आधीच गृहीत धरलेलं असल्यामुळे ‘स्वतःशी अभिन्न असं काहीतरी आहे’ हे प्रमेय ठरतं. जगात काहीच नसतं तर काय, हा प्रश्न सोयीसाठी बाहेर ठेवला गेलाय. रसेलने १९१९ मध्ये याला तर्काच्या शुद्धतेतला दोष म्हटलं होतं. मुक्त तर्कशास्त्र हे नाव कारेल लँबर्टने ज्या प्रकाराला दिलं, तो रिकाम्या नावांना जागा देतो, आणि त्याच्या काही रूपांत रिकामं विश्वही चालतं. तिथे हे प्रमेय नाहीसं होतं. कल्पना तार्किक असणं वेगळं आणि तिच्या आधारे केलेलं विधान तर्काने सिद्ध होणं वेगळं, हा फरक इथे नीट दिसतो.

मग मी असणं अटळ आहे असं तर्कशास्त्र म्हणतं का?

म्हणू शकतं! ‘प्रत्येक वस्तूशी अभिन्न असं काहीतरी आहे’ हे तार्किक प्रमेय आहे. जे तर्काने सिद्ध होतं ते अनिवार्य, असा शक्यता-अनिवार्यतेच्या तर्कशास्त्राचा नियम आहे. दोन्ही जोडले की प्रत्येक वस्तू अनिवार्यपणे अस्तित्वात आहे असं निघतं. माझे आईवडील कधी भेटलेच नसते तरी मी असतोच, निदान ‘माणूस होऊ शकलं असतं असं काहीतरी’ या रूपात.

क्रिपकीने १९६३ मध्ये प्रत्येक शक्य जगाला (गोष्टी जशा असू शकल्या असत्या अशा प्रत्येक पर्यायाला) वेगळं चर्चाविश्व देऊन यातून सुटका केली. टिमथी विल्यमसनने २०१३ मध्ये उलट भूमिका घेतली: साधं तर्कशास्त्र बदलण्यापेक्षा निष्कर्षच स्वीकारा. त्याची मांडणी अतिशय ताकदीची आहे, पण मला ती पटत नाही. इतकी मोठी सत्तामीमांसा जर संख्यापकाच्या नियमांतून आपोआप बाहेर पडत असेल, तर ती कुणीतरी नियमांत आधी भरलेली असली पाहिजे.

होऊन गेलेल्या माणसांचं काय? लोकमान्य टिळक आज अस्तित्वात नाहीत.

फक्त वर्तमानातलंच अस्तित्वात असतं असं मानलं तर टिळक आजच्या चर्चाविश्वात नाहीत आणि अस्तित्व तार्किक राहतं. मात्र त्यांच्याबद्दलची खरी वाक्यं कशामुळे खरी, हे समजावून सांगावं लागतं. भूतकाळही तितकाच खरा मानला तर टिळक चर्चाविश्वात आहेत आणि अस्तित्वातही आहेत, फक्त १९२० नंतर त्यांचा काळ नाही. त्या वेळी वाटणी करतं ते ‘आता असणं’, आणि ते विधेय तार्किक नाही.

‘क = ख’ जर तार्किक, तर त्यातून नवीन काही कळतंच कसं?

पहाटे दिसणारी चांदणी आणि संध्याकाळी दिसणारी चांदणी एकच, हा शोध आकाश बघून लागला. तर्काने लागला नाही. फ्रेगेने १८९२ मध्ये हेच उदाहरण घेतलं. दोन्ही नावांनी दाखवलेली वस्तू एक, म्हणजे शुक्र, पण ती समोर येण्याची रीत वेगळी. ज्ञान वाढतं ते या रीतींबद्दल.

संबंध तार्किक आहे म्हणून त्याबद्दलचं प्रत्येक विधान तर्काने कळेल असं नसतं. मात्र एकदा खरं ठरलं की ते अनिवार्यपणे खरं असतं. रूथ बार्कन मार्कसने १९४७ मध्ये याची सिद्धता दिली आणि क्रिपकीमुळे ती सर्वदूर गेली. सिद्धता दोन पायऱ्यांची आहे. क अनिवार्यपणे क शी अभिन्न आहे. ख म्हणजे क च असेल तर क बद्दल जे खरं ते ख बद्दलही खरं. म्हणून क अनिवार्यपणे ख शी अभिन्न आहे. पाण्याइतकी साधी ही दोन वाक्यं, पण ‘योगायोगाने एकच असलेल्या दोन वस्तू’ ही कल्पनाच त्यांनी निकालात काढली.

सगळे गुण सारखे असणं म्हणजेच तादात्म्य का?

एका दिशेने नक्कीच: वस्तू एकच असेल तर गुण सारखे असणारच. उलट दिशा, म्हणजे गुण सारखे असतील तर वस्तू एकच, ही लाइब्निट्सची आणि ती वादग्रस्त आहे. मॅक्स ब्लॅकने १९५२ मध्ये असं विश्व कल्पिलं ज्यात शुद्ध लोखंडाचे दोन गोळे आहेत, हुबेहूब सारखे, एकमेकांपासून काही अंतरावर, आणि दुसरं काहीच नाही. एकाचा कुठलाही गुण सांगा, दुसऱ्यातही तो आहे. तरी गोळे दोन.

‘स्वतःशी अभिन्न असणं’सारखे गुणही मोजले तर लाइब्निट्सचं तत्त्व सहज खरं ठरतं, पण मग ज्याची व्याख्या करायची तेच व्याख्येत आलं. माझ्या मते गोळ्यांचं उदाहरण तादात्म्याच्या तार्किकतेला बळच देतं. गुणांमधून ते गोळा होत नाही; गुणांची चर्चा सुरू होण्याआधीच ‘एक की दोन’ हे ठरलेलं असतं.

तादात्म्याचं चिन्ह काढूनच टाकलं तर?

लुडविग विट्गेनश्टाइनने १९२१ मध्ये हेच सुचवलं. दोन वस्तू एकच आहेत म्हणणं निरर्थक आणि एक वस्तू स्वतःशी अभिन्न आहे म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं, असं त्याचं मत होतं. वेगळ्या वस्तूला वेगळं अक्षर वापरायचा नियम केला की ‘=’ ची गरज नाही.

पण किंमत बघा. हा नियमही न करता चिन्ह नुसतंच काढलं तर मोजताच येत नाही. ‘एकच आहे’ हे सांगणं अशक्य होतं, कारण तादात्म्याविना लिहिलेलं कुठलंही विधान, ते एका वस्तूच्या विश्वात खरं असेल तर, तिच्या हुबेहूब प्रती घालून फुगवलेल्या विश्वातही खरंच राहतं. आणि विट्गेनश्टाइनचा नियम पाळला तर? याको हिंटिक्काने १९५६ मध्ये दाखवलं की त्या नियमाने नेमकं तेवढंच सांगता येतं जेवढं ‘=’ वापरून सांगता येत होतं. समोरच्या दाराने घालवलेलं तादात्म्य अक्षरांच्या नियमातून परत आत येतं.

टार्स्कीची कसोटी सगळ्यांना मान्य आहे का?

नाही, आणि आक्षेप हलके नाहीत. सगळ्यात वजनदार आक्षेप सॉलोमन फेफरमनचा, १९९९ मधला. टार्स्कीच्या कसोटीने कुठल्याही अनंत आकाराची मोजदाद तार्किक ठरते, इतकी की संचशास्त्रातले सर्वात अवघड प्रश्नही तर्कशास्त्राचे प्रश्न बनतात. फेफरमनने म्हणून मुभा आणखी वाढवली: दोन वेगळ्या वस्तूंना एका जागी बसवायलाही परवानगी. या कडक कसोटीत ‘काही’ टिकतं, पण तादात्म्य टिकत नाही, कारण ज्या भिन्न होत्या त्या एकत्र येतात. म्हणजे अस्तित्व आत आणि तादात्म्य बाहेर.

इथे निर्णय घ्यावाच लागतो. मी टार्स्कीच्या बाजूने राहतो. दोन वस्तूंना एका जागी बसवणं म्हणजे ‘कोण कोण आहे’ हे विसरण्यापुरतं थांबत नाही, ‘किती आहेत’ हेही विसरणं होतं. आणि कुठल्याही विषयात अनुमान करताना ‘हा तोच आहे’ याच्यावाचून एक पाऊल टाकता येत नाही. अनंत मोजदादींची डोकेदुखी मात्र खरी आहे, आणि फेफरमनने ती दाखवली नसती तर आम्ही ती सोयीस्करपणे झाकली असती.

थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तरी जहाज तेच का? हा तादात्म्याचा प्रश्न नाही का?

लोक तसं म्हणतात, पण तादात्म्य इथे निर्दोष आहे. जुन्या फळ्या जमवून दुसरं जहाज बांधलं तरी ‘प्रत्येक वस्तू स्वतःशी अभिन्न’ यात काहीच डळमळत नाही. डळमळते ती आपली जहाज या प्रकाराबद्दलची समज: जहाज म्हणजे लाकूड की बांधणी, आणि किती बदल सोसून ते टिकतं. ही खरी, कठीण, सत्तामीमांसेची चर्चा आहे.

पीटर गीचने १९६०च्या दशकात वेगळं मत मांडलं. नुसतं ‘तोच’ असं काही नसतं, ‘तोच माणूस’, ‘तेच जहाज’ एवढंच असतं. एका प्रकाराने एक असलेल्या वस्तू दुसऱ्या प्रकाराने दोन असू शकतात. मग तादात्म्य प्रकाराला बांधलं जातं आणि तार्किक राहत नाही. पण ‘तेच लाकूड, पण वेगळं जहाज’ असं म्हणायचं झालं तर लाकूड आणि जहाज या दोन वस्तू एका जागी आहेत, एवढं पुरतं. त्यासाठी तादात्म्याचे तुकडे करायची गरज मला दिसत नाही.

आणि इलेक्ट्रॉन?

एर्विन श्रोडिंगरचं मत होतं की मूलकणांच्या बाबतीत ‘हा तोच का’ हा प्रश्नच अर्थहीन आहे. यावर अजून एकमत नाही. पण भौतिकशास्त्रज्ञ ‘इथे दोन इलेक्ट्रॉन आहेत’ असं म्हणतात तेव्हा ‘दोन’ म्हणजे काय, हे तादात्म्याविना सांगण्याची जबाबदारी श्रोडिंगरच्या बाजूच्यांवर येते. काही तर्कशास्त्रज्ञांनी त्यासाठी वेगळं संचशास्त्रच रचलंय, ज्यात संचाला संख्या असते पण क्रम लावता येत नाही. तो प्रयत्न यशस्वी ठरला तर माझ्या बाजूला सर्वात मोठा धक्का तिथूनच बसेल.

शेवटी ‘देव आहे का’ हा प्रश्न तर्कशास्त्राने सुटू शकतो का?

अस्तित्व तार्किक मानलं म्हणून सुटत नाही. सगळ्यात काटेकोर प्रयत्न कुर्ट ग्योडेलचा. १९७० मध्ये त्याने आपली सिद्धता डेना स्कॉटला दाखवली. ती छापली गेली १९८७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. सिद्धतेतली ‘ईश्वरसदृश’ वस्तू म्हणजे जिच्यात सगळे ‘भावात्मक’ म्हणजे चांगले गुण आहेत ती, आणि अनिवार्य अस्तित्व हा भावात्मक गुण आहे हे एक गृहीतक. पायऱ्या तपासायला अलीकडे संगणकही लावले गेले. ग्योडेलच्या मूळ गृहीतकांत विसंगती सापडली. स्कॉटने केलेली आवृत्ती सुसंगत ठरली.

सिद्धतेत अस्तित्व नेहमीचं तार्किक काम करतं, आणि सगळा भार पडतो तो ‘भावात्मक’ या शब्दावर. अदलाबदलीच्या कसोटीला तो शब्द उतरत नाही, कारण गुणांमध्ये तो चांगलं-वाईट निवडतो. शिवाय जॉर्डन हॉवर्ड सोबेलने दाखवलं की या गृहीतकांतून आणखी एक गोष्ट निघते: जे जे खरं आहे ते सगळंच अनिवार्य ठरतं, आज पाऊस पडला हेसुद्धा. आस्तिक असो की नास्तिक, हा परिणाम सहजासहजी कुणालाच पचण्यासारखा नाही, आणि म्हणून सोबेलनंतरच्या दुरुस्त्या ग्योडेलच्या गृहीतकांवर झाल्या आहेत.